बी कावीळ, लिव्हर कॅन्सर आणि जनुकं: वडिलांना झाला म्हणून मलाही होणार का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे ३९ वर्षांचे आहेत. वडील ६२व्या वर्षी लिव्हरच्या कॅन्सरने गेले आणि आजार कळला तेव्हाच त्यांना हिपॅटायटिस बी, म्हणजेच बी कावीळ, असल्याचंही कळलं. मग भावंडांनी रक्त तपासून घेतलं. हे स्वतः आणि धाकटा भाऊ पॉझिटिव्ह निघाले, बहीण निगेटिव्ह. आईची तपासणी राहून गेली. आता एका लॅबने त्यांना ‘लिव्हर कॅन्सर जेनेटिक रिस्क’ नावाची महागडी चाचणी सुचवली आहे. ती करावी का, आणि हा दोष आमच्या रक्तातच आहे का, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

पहिल्याचं उत्तर लगेच देतो: नको. निदान आत्ता तरी नको. तेच पैसे कुठे घालायचे ते खाली सांगतो. दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल, कारण त्यात थोडं तथ्य आहे आणि त्या थोड्या तथ्यावरच असल्या चाचण्या विकल्या जातात.

लिव्हरचा कॅन्सर काही घरांत जास्त दिसतो, हे खरं आहे. तैवानमध्ये हजारो लोकांना वर्षानुवर्षं नजरेखाली ठेवून झालेल्या अभ्यासात असं दिसलं की, हिपॅटायटिस बी असलेल्या ज्या माणसाच्या आईवडिलांना किंवा भावंडांना लिव्हरचा कॅन्सर झाला होता, त्याचा धोका तसा इतिहास नसलेल्या हिपॅटायटिस बी-पॉझिटिव्ह माणसापेक्षा दुपटीहून जास्त होता. म्हणजे तुमची काळजी निराधार नाही. पण घरात चालत आलेली प्रत्येक गोष्ट जनुकांतून आलेली नसते. घरातून विषाणूही येतो. जन्माच्या वेळी आईकडून लागण झाली तर दहापैकी नऊ बाळांत ती कायमची राहते. एक ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण साधारण तीसएक टक्के असतं, आणि धडधाकट प्रौढाला लागण झाली तर पाच टक्क्यांच्याही खाली. आपल्याकडे लहानपणी घरातल्या घरात लागण होणंही नवीन नाही: एकच ब्लेड, एकच दात घासायचा ब्रश, खरचटलेले गुडघे. तुम्हा दोघा भावांकडे विषाणू बहुधा बालपणापासून आहे, म्हणजे तीस-पस्तीस वर्षं. लिव्हरच्या दृष्टीने या वर्षांना फार महत्त्व आहे. शिवाय घरचं धान्य एक, तेल एक, दारूच्या सवयीही बऱ्याचदा एकमेकांना पाहून लागलेल्या. एवढं सगळं वजा केल्यावर जे उरतं, त्यात जनुकांचा वाटा.

तो वाटा शोधायचं काम गेल्या पंधरा-वीस वर्षांत जोरात झालं. पद्धत अशी: हजारो माणसांच्या जनुकसंचातली लाखो ठिकाणं तपासायची आणि आजारी माणसांत डीएनएचं कुठलं अक्षर जास्त दिसतं ते पाहायचं. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी एचएलए-डीपी या भागातले बदल दाखवले. विषाणूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून रोगप्रतिकारक पेशींना दाखवायचं काम एचएलएची प्रथिनं करतात. ते तुकडे नीट मांडले गेले तर शरीर विषाणूला हुसकावतं, नाही तर तो मुक्कामाला राहतो. तेव्हा ही जनुकं ‘विषाणू शरीरात टिकेल का’ या प्रश्नाची आहेत. ‘टिकलेल्या विषाणूतून कॅन्सर होईल का’ हा प्रश्नच वेगळा. तुमच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचा निकाल लहानपणीच लागून गेला आहे. तरीही लॅबच्या असल्या पॅनलमध्ये, म्हणजे एकदम तपासायच्या जनुकांच्या यादीत, एचएलए-डीपी दिसलं तर मला नवल वाटणार नाही.

कॅन्सरचा प्रश्न विचारायचा तर तुलना बी-पॉझिटिव्ह आणि कॅन्सर झालेल्यांची बी-पॉझिटिव्ह पण कॅन्सर न झालेल्यांशीच हवी. काही जुन्या अभ्यासांत समोरचा गट चांगल्या ठणठणीत लोकांचा असायचा. मग सापडलेलं जनुक विषाणू टिकवणारं की कॅन्सर घडवणारं, हे सांगायची सोयच राहत नाही. त्यात आणखी एक अडचण आहे. आज ४५व्या वर्षी ‘कॅन्सर नाही’ म्हणून ज्याची नोंद झाली, त्याला ६०व्या वर्षी होऊ शकतो. २०१० मध्ये चीनमधल्या एका गटाने तुलना नीट केली आणि पहिल्या गुणसूत्रावर केआयएफ१बी या जनुकात एक बदल सापडल्याचं ‘नेचर जेनेटिक्स’मध्ये छापलं. चीनच्या वेगवेगळ्या प्रांतांतल्या रुग्णांत त्यांनी तो पडताळूनही पाहिला होता. दोनच वर्षांनी जपान, कोरिया आणि हाँगकाँगमधल्या रुग्णांत तोच बदल तपासला गेला, तर संबंध दिसलाच नाही. २०१३ मध्ये पुन्हा चिनी रुग्णांतच स्टॅट४ आणि एचएलए-डीक्यू ही दोन ठिकाणं पुढे आली.

आता या दोन ठिकाणांचं बळ किती? स्टॅट४ मधल्या बदलाचं शक्यता-गुणोत्तर १.२१ आणि एचएलए-डीक्यूचं १.४९. याचा अर्थ नीट समजून घ्या, कारण रिपोर्टवर लाल शाईत छापलेलं ‘४९ टक्के जास्त धोका’ वाचून माणसाची झोप उडते. समजा, तुमच्यासारख्या शंभर जणांपैकी दहांना पुढच्या काही वर्षांत कॅन्सर होणार आहे. हा आकडा केवळ हिशेबासाठी धरला आहे. मग १.२१ म्हणजे दहाचे साधारण बारा आणि १.४९ म्हणजे साधारण चौदा. विज्ञानाच्या दृष्टीने हा शोध मोलाचा, कारण त्यातून आजाराची यंत्रणा उलगडते. पण समोर बसलेल्या एका माणसाला मी काय वेगळं सांगणार? बारा असोत की चौदा, सोनोग्राफी सहा महिन्यांनीच करायची आहे आणि गोळी तीच द्यायची आहे.

आणि हे सगळं पूर्व आशियाई लोकांत झालेलं काम आहे. विषाणू यकृताच्या पेशीत कुठल्या दारातून शिरतो, ते २०१२ मध्ये बीजिंगमधल्या संशोधकांनी दाखवलं. ते दार म्हणजे एनटीसीपी नावाचं प्रथिन. त्यातल्या एका बदलामुळे काही लोकांना हिपॅटायटिस बी टिकून राहण्यापासून थोडं संरक्षण मिळतं, पण हा बदल मुख्यत्वे पूर्व आशियातल्या लोकांतच आढळतो. शिवाय चीन-जपानमध्ये याच विषाणूचे बी आणि सी हे उपप्रकार (हा सी म्हणजे हिपॅटायटिस सी नव्हे) जास्त, तर आपल्याकडे मुख्यतः डी आणि ए. माणसं वेगळी, विषाणू वेगळा, आणि गुण मात्र तिकडच्या फूटपट्टीने द्यायचे! भारतीय रुग्णांवर अशा आकाराचं काम फार थोडं झालं आहे. एखाद्या मेडिकल कॉलेजने संशोधनासाठी रक्ताचा नमुना मागितला तर जरूर द्या, तो उपयोगी पडेल. विकत घेतलेल्या रिपोर्टचं तसं नाही.

एका जनुकाबद्दल मात्र वेगळं बोललं पाहिजे, कारण ते आपल्या घरांशी जास्त जुळतं. पीएनपीएलए३. २००८ मध्ये अमेरिकेतल्या डॅलसमध्ये झालेल्या अभ्यासातून कळलं की यातल्या एका बदलामुळे यकृतात चरबी साचायचं प्रमाण वाढतं. पुढे दारूमुळे किंवा चरबीमुळे होणाऱ्या सिऱ्हॉसिसशी (यकृत व्रणांनी कडक होण्याशी) आणि कॅन्सरशीही त्याचा संबंध स्पष्ट झाला. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत हा संबंध तितका पक्का नाही. पण हल्ली माझ्या ओपीडीत निव्वळ हिपॅटायटिस बीचा रुग्ण कमीच दिसतो. हिपॅटायटिस बी, जोडीला पोट सुटलेलं, साखर सीमेवर, आणि सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर ग्रेड टू’, असा सगळा मेळ असतो. अशा माणसाच्या रिपोर्टमध्ये हे जनुक लाल आलं तरी सल्ला तोच: वजन उतरवा, दारू बंद. आणि हिरवं आलं तरीही तोच.

आता विषाणूच्या जनुकांकडे येऊ. या विषयात मला खरा रस इथे वाटतो. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना सारख्या चुका करतो, आणि वर्षानुवर्षं एकाच माणसात राहून बदलत जातो. त्याच्या ‘बेसल कोअर प्रमोटर’ या भागात १७६२ आणि १७६४ या दोन जागांवर जोडीने होणारा बदल कॅन्सरच्या वाढत्या धोक्याशी जोडलेला आहे, आणि वेगवेगळ्या देशांत तो पुन्हा पुन्हा दिसला आहे. विषाणूच्याच प्री-एस भागातला तुकडा गळून पडणं हेही तसंच. सी उपप्रकारात धोका बीपेक्षा जास्त. दक्षिण आफ्रिकेत ए१ या उपप्रकाराने तरुण वयात कॅन्सर होतो. म्हणजे जनुकीय फरकाचा विचार करायचाच तर माणसाइतकाच, किंबहुना जास्तच, विषाणूचा करावा लागतो.

पण तिथेही रोजच्या कामात आम्ही हे बदल शोधत बसत नाही. रक्तात विषाणू किती आहे (व्हायरल लोड), हेच बरंच काही सांगून जातं. तैवानमध्ये ३,६५३ बी-पॉझिटिव्ह लोकांना सरासरी अकरा वर्षांहून जास्त काळ पाहिलं आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांच्या रक्तात विषाणू जवळपास सापडतच नव्हता, त्यांच्यातल्या १.३ टक्के लोकांना त्या काळात लिव्हरचा कॅन्सर झाला. ज्यांच्यात मिलीलिटरमागे दहा लाख प्रती किंवा त्याहून जास्त होत्या, त्यांच्यात १४.९ टक्के. हा फरक अकरापटींचा आहे. स्टॅट४ चे १.२१ याच्या शेजारी ठेवून पाहा. शिवाय जनुक आपल्याला बदलता येत नाही, व्हायरल लोड मात्र रोजच्या एका गोळीने खाली आणता येतो. सिऱ्हॉसिसपर्यंत पोचलेल्या किंवा यकृतात बराच व्रण झालेल्या रुग्णांना लॅमिव्हुडिन दिल्याचा आशियातला अभ्यास २००४ मध्ये आला. त्यात औषध घेणाऱ्यांत कॅन्सरचं प्रमाण ३.९ टक्के होतं आणि नुसत्या खोट्या गोळीवर असणाऱ्यांत ७.४ टक्के. लॅमिव्हुडिन हे तर आजच्या मानाने कच्चं औषध. विषाणू त्याला लवकर दाद देईनासा होतो. आज टेनोफोव्हिर आणि एन्टेकाव्हिर आहेत.

तिसरी जनुकं गाठीची, म्हणजे कॅन्सरच्या पेशीत आयुष्यभरात झालेले बदल. ते वडिलांकडून मुलाकडे जात नाहीत. लॅबवाल्यांच्या बोलण्यात सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. हिपॅटायटिस बीचा डीएनए यकृताच्या पेशीच्या डीएनएत स्वतःचे तुकडे घुसवतो. कधी तो नेमका टर्ट या जनुकाशेजारी जाऊन बसतो आणि पेशीला न थकता विभागायची मोकळीक मिळते. त्यामुळेच या विषाणूत सिऱ्हॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. ‘फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) नॉर्मल आला, आता काळजी मिटली’ असं हिपॅटायटिस बीमध्ये म्हणता येत नाही, ते यामुळेच.

गाठीच्या जनुकांची एक गोष्ट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येते. शेंगदाणे, मका ओलसर जागी साठवले की त्यांवर हिरवट-पिवळी बुरशी धरते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९९१ मध्ये चीनमधल्या चीदोंग भागातल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या, तर टीपी५३ या रखवालदार जनुकात नेमका २४९व्या जागी तोच तो बदल पुन्हा पुन्हा सापडला. जणू विषाने सही करून ठेवली होती. शांघायमधल्या अभ्यासात नुसत्या अफ्लाटॉक्सिनने धोका साधारण तिप्पट-चौपट झाला, नुसत्या हिपॅटायटिस बीने सातपट, आणि दोन्ही एकत्र आल्यावर जवळजवळ साठपट. इथे वारशाच्या जनुकांचाही हात आहे: हे विष निकामी करणारी जीएसटीएम१ सारखी विकरं (एन्झाइम) काही लोकांत जन्मतः नसतात. पण विष पोटात गेलंच नाही तर ते विकर असलं काय, नसलं काय. आपल्याच देशात राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात १९७४ मध्ये बुरशी लागलेला मका खाऊन शेकडो माणसं आजारी पडली होती आणि शंभराच्या आसपास दगावली होती. तेव्हा खवट, सुरकुतलेला, काळपट शेंगदाणा कुटात ढकलू नका. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. ‘कूट केलं की कळत नाही’ हीच तर अडचण आहे.

आता तुमच्याकडे वळतो. आनुवंशिक धोक्याची सगळ्यात चांगली चाचणी तुमची आधीच झालेली आहे: वडिलांचा इतिहास. त्यात जनुकं, विषाणू, घरचं अन्न, सगळं एकत्र मोजलं जातं आणि ती फुकट आहे. तिच्या आधारावर मोठे निर्णयही घेता येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये हिपॅटायटिस बीच्या उपचारांचे निकष सैल केले. त्यांत घरात लिव्हरचा कॅन्सर किंवा सिऱ्हॉसिस असणं हे औषध सुरू करायचं एक स्वतंत्र कारण धरलं आहे, मग एएलटी (यकृताला इजा होते आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी) आणि व्हायरल लोड काहीही असो. सगळ्या देशांचे, सगळ्या डॉक्टरांचे निकष अजून तिथवर आलेले नाहीत. काही जण तुम्हाला ‘थांबून पाहू’ म्हणतील. चाळिशीच्या उंबरठ्यावरचा पुरुष आणि वडिलांचा असा इतिहास, यात मी स्वतः औषधाकडे झुकतो. पण एचबीव्ही डीएनए (म्हणजेच व्हायरल लोड), एएलटी, प्लेटलेट्स आणि फायब्रोस्कॅन हातात आल्याशिवाय गोळी लिहीत नाही. त्यासोबत ई-अँटिजेन (विषाणू जोरात वाढतो आहे का ते सांगणारी तपासणी), हिपॅटायटिस सी, डी आणि एचआयव्ही एकदा तपासून घ्या. हिपॅटायटिस डी आपल्याकडे कमी आढळतो, पण असेल तर सगळा हिशेबच बदलतो. पुरुषांत एएलटी ३० च्या वर गेलं की मी ते वाढलेलं धरतो. लॅबच्या कागदावर ‘५० पर्यंत नॉर्मल’ छापलेलं असतं, त्यावर विसंबू नका.

सोनोग्राफी आणि एएफपी (लिव्हर कॅन्सरचा इशारा देणारी रक्ततपासणी) दर सहा महिन्यांनी, आत्तापासून. गोळी सुरू झाली तरी. आशियाई पुरुषांत चाळिशीनंतर हे करायचंच असतं, पण रक्ताच्या नात्यात कॅन्सर असेल तर चाळिशीची वाट पाहत नाहीत. म्हणून हे धाकट्या भावालाही लागू आहे. शांघायमध्ये सुमारे १९ हजार लोकांची चाचणी झाली, त्यात अर्ध्या गटाला सहामाही सोनोग्राफी आणि एएफपी दिलं. त्या गटात लिव्हर कॅन्सरने होणारे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले, आणि सांगितलेल्या तपासण्यांपैकी साठेक टक्केच पार पडल्या असताना हा फरक पडला. सोनोग्राफी शक्यतो एकाच ठिकाणी करा आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. नऊ मिलिमीटरचा ठिपका बारा झाला, हे जुना कागद असेल तरच कळतं.

खर्चाचं म्हणाल तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली ठरलेल्या सरकारी केंद्रांवर तपासणी आणि टेनोफोव्हिर मोफत मिळतं. आपल्या जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा. एकदा सुरू केलेली गोळी मनाने बंद करायची नाही. विषाणू उसळून लिव्हर अचानक निकामी झालेले रुग्ण आम्ही पाहतो. वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासून घ्या, टेनोफोव्हिर काहींच्या किडनीला त्रास देतं. उद्या सांधेदुखीसाठी स्टेरॉइड किंवा कुठल्या आजारासाठी केमो लागली, तर त्या डॉक्टरांना हिपॅटायटिस बीचं आधी सांगा.

काविळीची माळ घाला, चुन्याच्या पाण्यात हात धुवा, याने काही बिघडत नाही, फक्त वेळ जातो. ‘लिव्हर टॉनिक’ आणि घरगुती काढ्यांचं मात्र तसं नाही. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली आहे. आधीच विषाणू असलेल्या यकृतावर हा प्रयोग करू नये.

जनुकीय चाचणी मी कधीच सांगत नाही असं नाही. विशीतल्या मुलाचं लिव्हर विषाणू नसताना बिघडलं तर विल्सनचा आजार (शरीरात तांबं साचवणारा आनुवंशिक आजार) डोक्यात येतो, आणि तिथे एका जनुकाचा रिपोर्ट सगळं चित्र बदलतो. तुमचं घर त्या प्रकारात बसत नाही.

राहता राहिली बाकीची मंडळी. आईची तपासणी या आठवड्यात करा. ती पॉझिटिव्ह निघाली तर तिलाही औषध आणि सोनोग्राफी लागू शकते, आणि तुम्हा भावंडांच्या लागणीचा उगमही कदाचित तिथे सापडेल. बहीण ‘निगेटिव्ह’ आहे म्हणजे नेमकं काय, ते पाहा: तिचं अँटी-एचबीसी टोटल (पूर्वी लागण झाली होती का) आणि अँटी-एचबीएस (आता संरक्षण आहे का) करून घ्या. लहानपणी लागण होऊन तिच्या शरीराने ती परतवली असेल. तसं नसेल आणि लसही झाली नसेल, तर तीन डोस द्या: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. तुमच्या आणि भावाच्या बायकोचं, मुलांचंही हेच. घरात कुणी गरोदर असेल आणि ती पॉझिटिव्ह निघाली, तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) मिळेल अशी व्यवस्था दवाखान्यात आधीच बोलून ठेवा. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतलं लिव्हर कॅन्सरचं प्रमाण तिथे लाखामागे ०.७० वरून दहाएक वर्षांतच ०.३६ वर आलं. मुलांची जनुकं होती तीच होती.